प्रवाळांची बदली आणि एका हंगामाचे विज्ञान

नोव्हेंबर 2022 या एकाच महिन्यात भारतीय समुद्राविषयी दोन गोष्टी घडल्या. ग्रेट निकोबार बेटावरील बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवे शहर यांच्या एकत्रित प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. आणि 26 तारखेला पीएसएलव्ही-सी54 ने ईओएस-06, म्हणजे ओशनसॅट मालिकेतील तिसऱ्या पिढीचा उपग्रह, कक्षेत नेऊन सोडला. दुसऱ्या घटनेचे विज्ञानवार्ता म्हणून देशभर स्वागत झाले आणि ते उचितच होते. पहिली घटना मात्र ‘विकास’ आणि ‘पर्यावरण’ या दोन शब्दांच्या ठरलेल्या कुस्तीत गेली. तीही मुळात एक वैज्ञानिक दावा होती आणि दाव्यासारखीच तपासली जायला हवी होती, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले.

पर्यावरणीय मंजुरी हा प्रशासकीय कागद खरा; पण त्याच्या मुळाशी एक विधान असते. या ठिकाणी काय जगते ते मोजले आहे, प्रकल्पानंतर त्याचे काय होईल ते सांगता येते, आणि जे बिघडेल ते अमुक उपायांनी सावरता येईल, असे ते विधान. त्याचे तिन्ही भाग मोजमापाचे आहेत. मोजमाप म्हटले की किती काळ मोजले, कशाने मोजले, चूक किती असू शकते हे प्रश्न पाठोपाठ येतात. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दोलकाचा आवर्तकाल एकाच आंदोलनावरून काढला, तर त्याची वही लाल शेऱ्यासह परत येते. देशाच्या अगदी दक्षिण टोकावरच्या बेटाचे भवितव्य एका हंगामाच्या नोंदींवर ठरते, तेव्हा ती वही सहीशिक्क्यासह पुढे सरकते.

लाल शेरा अगदीच कोणी मारला नाही, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी रद्द करण्यास नकार दिला, परंतु त्याच आदेशात काही उणिवांवर बोट ठेवले. परिसरातील 20,668 प्रवाळ वसाहतींपैकी 16,150 वसाहती उचलून दुसरीकडे बसवण्याचा प्रस्ताव आहे; उरलेल्या 4,518 वसाहतींना असलेल्या धोक्याचा मात्र उल्लेख नाही. तीन हंगामांच्या नोंदी अपेक्षित असताना एकाच हंगामाच्या नोंदी घेतल्या आहेत. या मुद्द्यांची फेरतपासणी करण्यासाठी लवादाने उच्चाधिकार समिती नेमली. त्यापुढचा वाद बहुतांशी नियमांत काय बसते यावर रंगला. नियमाला एक हंगाम पुरतो की नाही, हा वकिलांचा प्रश्न आहे. तो कासवाला पुरतो का, हा विज्ञानाचा प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर बंगळुरूत बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहे.

बंगळुरूला समुद्र नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहराची ओळख संगणक, जनुकशास्त्र आणि इस्रो यांच्यामुळे आहे. तरीही भारतीय किनाऱ्यांविषयीचे काही अत्यंत चिकाटीचे काम याच शहरातून चालते. भारतीय विज्ञान संस्थेत पुण्याच्या माधव गाडगीळांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी उभे केलेले पारिस्थितिकी विज्ञान केंद्र, किनारी भागांत काम करणारे दक्षिण फाउंडेशन, वन्यजीवविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण देणारे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, ही त्यांतील ठळक नावे. विज्ञान संस्था आणि दक्षिण फाउंडेशन यांच्या संशोधकांनी अंदमानातील स्थानिक केंद्राच्या साथीने लिटल अंदमान बेटावर लेदरबॅक कासवांचा वर्षानुवर्षे माग ठेवला आहे. पाठीवर कठीण कवचाऐवजी चामड्यासारखे आवरण असलेले हे जगातील सर्वांत मोठे कासव. 2011 ते 2014 या काळात त्यांनी दहा माद्यांवर उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे बसवली. काही माद्या आग्नेयेस ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याच्या दिशेने गेल्या, काही नैर्ऋत्येस आफ्रिकेच्या बाजूला. त्यांतील एकीने तेरा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून मोझांबिक गाठले. ज्या किनाऱ्यावर ही कासवे अंडी घालतात तो किनारा बिघडला, तर परिणाम अर्ध्या हिंदी महासागरात उमटतो, हे या नकाशावरून शाळकरी मुलालाही दिसेल.

त्याच अभ्यासांतून आणखी एक साधी गोष्ट पुढे येते, आणि वादाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. लेदरबॅकची मादी एका हंगामात काही दिवसांच्या अंतराने अनेकदा किनाऱ्यावर येते, अनेक घरटी करते आणि नंतर दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, फिरकत नाही. म्हणजे घरट्यांची संख्या ही माद्यांची संख्या नव्हे, आणि एका वर्षी आलेल्या माद्या म्हणजे त्या किनाऱ्याच्या सगळ्या माद्या नव्हेत. यात मान्सूनच्या वर्षागणिक बदलणाऱ्या लाटा, एल निनोची अनेक वर्षांची आवर्तने आणि हिंदी महासागराच्या पृष्ठतापमानाचे हेलकावे मिसळले की त्या संख्येत केवढे चढउतार होतील, याची कल्पना करावी. संकेतविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेला नियम असा, की एखादे आवर्तन पकडायचे तर त्याच्या एका फेऱ्यात किमान दोनदा तरी नमुना घ्यावा लागतो आणि त्या आवर्तनाचे काही फेरे पाहावे लागतात. तीन वर्षांचे आवर्तन एका हंगामात पकडता येत नाही. अशा नोंदीतून हाती आलेला आकडा थोडासा चुकीचा असतो, असे समजणे म्हणजे फार उदार होणे. त्या आकड्याला अर्थच नसतो.

ज्या गॅलेथिया खाडीत बंदर व्हायचे आहे, तिचा इतिहासच या बाबतीत पुरेसा बोलका आहे. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात बेटाचे दक्षिण टोक चार मीटरांहून अधिक खचले आणि त्सुनामीने कासवांचे किनारे गिळले. त्या वर्षी कोणी हंगामी पाहणी केली असती, तर ‘येथे कासवे अंडी घालत नाहीत’ असा निष्कर्ष तिने प्रामाणिकपणे काढला असता. पुढच्या वर्षांत वाळू परत साचली, किनारे नव्याने तयार झाले आणि कासवे परतली. जानेवारी 2021 मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने गॅलेथिया खाडीचा अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यास संमती दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने समुद्री कासवांसाठीचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि देशातील महत्त्वाच्या कासव-स्थळांत त्यात गॅलेथियाचा समावेश आहे. एकाच मंत्रालयाच्या छपराखाली एका महिन्यात या दोन गोष्टी घडू शकतात, त्या अर्थी दुसऱ्या दस्तऐवजातील विज्ञान पहिल्या टेबलावर कोणी वाचत नसावे.

सलग नोंदींचा आदर करणे या मातीला परके आहे, असे कोणी समजू नये. उदाहरण मुंबईचेच आहे आणि ते प्रत्येक मराठी विज्ञान-विद्यार्थ्याला तोंडपाठ असायला हवे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीपासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे चुंबकीय वादळ उठले, तेव्हा कुलाब्याच्या उपकरणात क्षैतिज घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी कोसळलेला नोंदला गेला. त्या वादळाची तीव्रता ठरवताना आजचे संशोधक या जुन्या नोंदीकडे वळतात. ती नोंद घेणाऱ्याला आपण काय टिपत आहोत हे कळण्याचा मार्ग नव्हता. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या सूक्ष्म नोंदी बिघडणार होत्या. संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली, 1904 मध्ये तेथे नवी वेधशाळा सुरू झाली आणि 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेला नेमकी जोडता यावी. विजेची ट्राम 1907 मध्ये धावली. ट्रामही आली, मालिकाही टिकली.

अलिबागची ती दोन वर्षे म्हणजे हलवण्याचे विज्ञान. हलवलेली वस्तू आणि मूळ जागची वस्तू शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची, फरक मोजायचा आणि मगच जुने बंद करायचे. प्रवाळांच्या बाबतीत हीच अपेक्षा ठेवली तर ‘हे लोक विकासाच्या आड येतात’ असे उत्तर मिळते. चुंबकसूचीला जी सभ्यता एका परकीय राजवटीत मिळाली, ती सजीवाला स्वतंत्र देशात मिळू नये?

मुंबईने अलीकडे प्रवाळही हलवले आहेत. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथे आढळलेल्या 18 वसाहती 2020 मध्ये शहरातच दुसरीकडे नेण्यात आल्या. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील जीव म्हणून त्यांची काळजी घेतली गेली, हे चांगलेच झाले. मात्र अशा प्रयोगांच्या बातम्या टक्केवारीत सांगितल्या जातात आणि तेथे विद्यार्थ्यांनी थांबावे. 18 पैकी 17 वसाहती जगल्या असे मानले, तर जगण्याचे प्रमाण 94 टक्के भरते. इतक्या लहान नमुन्यावरून खऱ्या प्रमाणाचा अंदाज बांधला, तर 95 टक्के विश्वासपट्टा साधारण 73 पासून जवळजवळ 100 पर्यंत पसरतो. म्हणजे 16,150 वसाहतींच्या बाबतीत ‘हजारही मरणार नाहीत’ आणि ‘चार हजारांहून अधिक मरतील’ ही दोन्ही भाकिते त्याच नोंदीशी सुसंगत आहेत. तीही मुंबईच्या खडकावरचे प्रवाळ आणि निकोबारचे प्रवाळ सारखेच वागतात असे गृहीत धरून, आणि तसे गृहीत धरायला काही आधार नाही. अठरावरून सोळा हजारांवर जाणे म्हणजे जवळजवळ नऊशे पट झेप आहे. शिडीच्या दोन पायऱ्या चढून पाहिल्या, तेव्हा गच्चीवरून उडी मारायला हरकत नाही, अशी ही तर्कसरणी.

शिवाय ‘जगले’ म्हणजे काय? मोठ्या गोलसर वसाहती करणारे काही प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. अशा जीवाने नव्या जागी वर्षभर तग धरला, यावरून तो स्थिरावला असे ठरत नाही. त्याने पुढे प्रजोत्पादन केले का, त्याच्या आसऱ्याने मासे आले का, पुढच्या उष्ण वर्षात तो टिकला का, हे पाहावे लागते. प्रवाळ पुनर्रोपणाचे तंत्र खोटे आहे, असे येथे सुचवायचे नाही. मन्नारच्या आणि कच्छच्या आखातांत भारतीय शास्त्रज्ञांनी ते परिश्रमाने राबवले आहे. उजाड झालेल्या जागी ते औषध ठरते. धडधाकट जागा उजाड करण्यासाठीचा परवाना म्हणून ते वापरणे, ही वेगळीच गोष्ट आहे.

उष्ण वर्षाचा उल्लेख उगाच केलेला नाही. म्हैसूरस्थित नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी लक्षद्वीपमधील अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या प्रवाळद्वीपांवर 1998 ते 2022 अशी 24 वर्षे नोंदी ठेवल्या. जिवंत प्रवाळांचे आच्छादन 1998 मध्ये सुमारे 37 टक्के होते. 2022 मध्ये ते 20 टक्क्यांच्या आत आले. या काळात 1998, 2010 आणि 2016 ही तीन मोठी विरंजनाची वर्षे येऊन गेली. पाणी तापले की प्रवाळ आपल्या ऊतींतील सहजीवी शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात, आणि उष्णता टिकली तर उपासमारीने मरतात. या अभ्यासाचे खरे सार एका वर्षाच्या नोंदीत कधीच मिळाले नसते: प्रत्येक आघातानंतर प्रवाळ सावरतात, पण त्यासाठी त्यांना सुमारे सहा वर्षांची उसंत लागते, आणि आघातांमधील अंतर आता तेवढे उरलेले नाही. एप्रिल 2024 मध्ये जगभरातील चौथे मोठे विरंजन जाहीर झाले. आता कोणी सांगावे, की तापणाऱ्या समुद्रात सोळा हजार वसाहती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना त्यांच्या उसंतीची सहा वर्षे कोणत्या वेळापत्रकात धरली आहेत?

येथे नेहमीचा आक्षेप येतो. शास्त्रज्ञांचे कधीच समाधान होत नाही; आणखी दहा वर्षे मोजू द्या म्हणतील, तोवर देशाने बंदरे बांधू नयेत काय? आक्षेपात तथ्य आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या बेटाचे सामरिक मोल नाकारण्यात शहाणपणा नाही, आणि सामरिक निर्णय घेण्याचा अधिकार निवडून आलेल्या सरकारचाच आहे. सरकारने तसे सरळ म्हणावे: राष्ट्रहितासाठी हा किनारा गमावण्याची किंमत मोजत आहोत. ते प्रामाणिक विधान असेल आणि लोक त्यावर आपले मत बनवतील. परंतु ‘किनारा जाणारही नाही, प्रवाळ हलवू, कासवे येत राहतील’ असे म्हणून त्याला विज्ञानाचा दाखला जोडणे म्हणजे विज्ञानाकडून खोटी साक्ष वदवून घेणे. राहिला दहा वर्षांचा प्रश्न. ती वर्षे मागता येतात त्याहून स्वस्तात आधीच मिळवता आली असती. प्रकल्पाची कल्पना सुचल्यावर मोजायला लागायचे आणि मग वेळ नाही म्हणून तक्रार करायची, यात घाईचा दोष मोजणाऱ्याकडे जात नाही.

पैशाचा मुद्दाही फारसा टिकत नाही. जून 2021 मध्ये केंद्राने ‘डीप ओशन मिशन’ला पाच वर्षांसाठी 4,077 कोटी रुपयांची मान्यता दिली. तीन माणसांना 6,000 मीटर खोल नेणारी मत्स्य-6000 ही पाणबुडी त्याच कार्यक्रमातली. तिच्याविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. ती यशस्वी व्हावी अशीच इच्छा कोणीही विज्ञानप्रेमी करील. पण सहा हजार मीटर खोल जाण्याची तयारी करणारा देश गुडघाभर पाण्यातील प्रवाळ आणि वाळूवरील अंडी मोजणाऱ्यांना तीन-तीन वर्षांच्या अनुदानांवर तारेवरची कसरत करायला लावतो, ही विसंगती कोणत्याही विज्ञानवार्तेत मथळा होत नाही. उपग्रहांनी हे काम भागेल असे म्हणावे, तर ओशनसॅटवरील रंगमापकाचा एक ठिपका सुमारे 360 मीटर लांबीरुंदीचा. त्या ठिपक्यात पृष्ठभागाजवळच्या हरितद्रव्याचा अंदाज उत्तम येतो, मच्छीमारांना त्याचा उपयोगही होतो. त्याच ठिपक्यात कासवाची पन्नास घरटी असली, तरी उपग्रहाला त्यांचा पत्ता लागणार नाही. तेथे रात्री किनाऱ्यावर चालणारा माणूसच लागतो. अंदमानात तो बहुधा करेन समाजातील अनुभवी क्षेत्रसहायक असतो, कोकणात वेळास-आंजर्ल्याचा कासवमित्र. शोधनिबंधाच्या शीर्षभागी त्याचे नाव क्वचितच दिसते.

अशा माणसाच्या कामाचे मोल कळायचे असेल तर 03233 हा आकडा लक्षात ठेवावा. मार्च 2021 मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाने एका ऑलिव्ह रिडले मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला या क्रमांकाची धातूची पट्टी लावली. जानेवारी 2025 च्या अखेरीस ती मादी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे वेगवेगळी, ही रूढ समजूत त्या एका पट्टीमुळे हलली. ना बॅटरी, ना संदेशवहन. एक क्रमांक, चार वर्षांचा धीर, आणि गुहागरच्या वाळूत विजेरीच्या उजेडात तो क्रमांक नीट वाचणारी नजर. हे काम चालू राहण्याऐवजी 2022 मध्ये निधीअभावी बंद पडले असते, तर ती मादी गुहागरला आली असती, अंडी घालून गेली असती, आणि ‘स्थानिक कासव’ म्हणून तिची मोजदाद झाली असती.

या अवहेलनेत वैज्ञानिकांचाही वाटा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पदार्थविज्ञानाच्या आणि रेणवीय जीवविज्ञानाच्या विभागांत निसर्गातील नोंदींना ‘तिकिटे गोळा करणे’ म्हणून हिणवण्याची जुनी खोड आहे. अशी टिंगल करणाऱ्यांना चार्ल्स कीलिंगची आठवण करून द्यावी. मौना लोआवर 1958 पासून कर्बवायूचे प्रमाण नोंदणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञालाही ‘तेच तेच काय मोजता’ ही कुरकुर ऐकावी लागली, आणि 1964 मध्ये पैशाअभावी त्याच्या आलेखात काही महिन्यांची फट पडली. आज जगातील प्रत्येक हवामान-परिषदेच्या भिंतीवर तोच आलेख असतो, त्या फटीसह. बंगळुरूच्या एकाच आवारात गुरुत्वीय लहरींच्या आकडेवारीवर काम करणारे आणि कासवांची घरटी मोजणारे शेजारी शेजारी असतात. पार्श्वगोंगाट कळल्याशिवाय संकेत कळत नाही, हे पहिल्यांना पाठ असते. दुसरे तोच गोंगाट मोजण्यात आयुष्य घालवतात, आणि अनुदान मागताना त्यांनाच ‘यात नवीन काय’ असे विचारले जाते.

तेव्हा पुढच्या वेळी ‘प्रवाळांचे यशस्वी स्थानांतरण’ अशी बातमी आली, की ती पुढे पाठवण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आणि वार्ताहरांनी काही गोष्टी मागाव्यात. हलवलेल्या वसाहतींची संख्या, टक्केवारी नव्हे. न हलवलेल्या, तुलनेसाठी राखलेल्या वसाहती कोठे आहेत आणि त्यांचे काय झाले. हलवण्यापूर्वी नव्या जागेची किती वर्षे पाहणी झाली, आणि ती जागा आधीच प्रवाळांना मानवणारी होती तर तेथे प्रवाळ का नव्हते. मूळ नोंदी कोणत्या संकेतस्थळावर, कोणालाही तपासता येतील अशा स्वरूपात ठेवल्या आहेत. पाहणी कोणत्या वर्षापर्यंत चालणार, आणि तिचा खर्च ज्याच्या प्रकल्पासाठी प्रवाळ हलले त्याच्याकडून आगाऊ घेतला आहे का. गॅलेथियाच्या बाबतीत आणखी एक: बांधकामापूर्वी सलग किती हंगाम घरटी मोजली, आणि प्रत्येक हंगामाचा आकडा काय. यांतील एकाही प्रश्नाला पदवी लागत नाही.